अकरावी साडी

घंगाळात हात घातला तो पांढरी साडी काढायला, आणि हातात आली ती गुलाबी.

मला आधी वाटलं, डोळ्यांवर ऊन आलंय. मी ती पिळली, झटकली, धुण्याच्या दगडावर पसरून पुन्हा पाहिली. गुलाबीच होती. मग दुसरी ओढली, तिसरी ओढली. दहाच्या दहा साड्या तशाच निघाल्या. कुठे फिकट, कुठे भडक, एकीच्या तर ऐन पदरावर पेरूएवढा चट्टा. आणि सगळ्यांच्या तळाशी लाल खारव्याचं नवंकोरं फडकं निवांत पडलं होतं. ते मीच टाकलं होतं. साड्यांबरोबर त्या बांधून ठेवायचं बासनही धुऊन निघेल, बाई आणखी खूश होतील, असा माझा विचार होता.

मार्था लोंढे स्वयंपाकघराच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. माझी हाक ऐकून ती आली, तिने घंगाळात पाहिलं आणि सूप तसंच हातात धरून उभी राहिली.

"तबे," ती म्हणाली, "उद्या दृढीकरण हाय."

जणू मला ते माहीत नव्हतं.

ही गोष्ट त्र्याहत्तर सालची, फेब्रुवारीतली. मी तबीथा पाटोळे, वय वर्षे सोळा, नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात राहत होते. आमचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला असतो. तेव्हा आपल्या वतीने आईबाप कबुली देतात. मोठं झाल्यावर आपणच मंडळीसमोर उभं राहून ती कबुली द्यायची, बिशपांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, हे दृढीकरण. त्यानंतरच प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला मिळतो. बिशपसाहेब आमच्या गावी वर्षातून एकदाच येत. त्या दिवशी बोर्डिंगच्या मुली पांढऱ्या साड्या नेसून मैदानापलीकडच्या देवळात ओळीने जात. या साड्या बोर्डिंगच्याच होत्या. दहा साड्या एका पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेल्या असत, आणि दरवर्षी नव्या दहा मुली त्या नेसत.

दृढीकरणाला बसायचं माझं हे दुसरं वर्ष होतं. बोर्डिंगच्या व्हरांड्यात एक काळा फळा टांगलेला होता आणि त्यावर पांढऱ्या रंगाने एकवीस नियम लिहिले होते. कोणी नियम मोडला की आमच्या मेट्रन, अमोलिकबाई, आपल्या वहीत तिच्या नावापुढे लाल पेन्सिलीने फुली मारत. चार फुल्या पडल्या की त्या वर्षी दृढीकरण नाही. आदल्या वर्षी माझ्या चार कधीच झाल्या होत्या. माझा बाप, शांतवन पाटोळे, आईला आणि कोंबड्याला घेऊन दोन एसट्या बदलून आला, तेव्हा त्याला फाटकातच हे कळलं. कोंबडा बाईंच्या स्वयंपाकघरात देऊन तसाच परत गेला.

या वर्षी त्याचं पोस्टकार्ड आलं होतं. "यंदा तरी हाये का? वस्तीवरची चौदा माणसं येणार म्हणतात." आणि यंदा माझ्या तीन फुल्या झालेल्या होत्या. एक पेरूच्या झाडावर चढल्याची, एक मौनाच्या तासात बोलल्याची, आणि तिसरी पाळकसाहेब प्रार्थनेत शिंकले तेव्हा हसल्याची. तिसरीबद्दल मला अजूनही वाटतं की शिंक त्यांनी जरा आवरायला हवी होती.

म्हणून मी ठरवलं होतं की चौथी फुली पडायच्या आधी असं काही तरी भारी करून ठेवायचं, की बाईंना मला नाही म्हणताच येऊ नये. शनिवारी सकाळी बाईंनी साड्या नुसत्या पाण्यात भिजत घातल्या आणि बिशपसाहेबांच्या जेवणाचं ठरवायला पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेल्या. परत येऊन त्या स्वतःच्या हाताने धुणार होत्या. मी बंब पेटवला, घंगाळात कढत पाणी ओतलं, मूठभर सोडा टाकला आणि कामाला लागले. उंदरांनी जुनं बासन खाल्लं म्हणून बाईंनी त्याच महिन्यात नवा खारवा आणला होता. तो दगडावर पडलेला दिसला, आणि माझ्यातला चांगुलपणा आणखीच उफाळून आला.

आता बाकीच्या आठजणीही जमल्या. सगळ्यांनी मिळून एका साडीला लिंबू चोळून पाहिलं, एक उन्हात टाकली, एक सोड्यात पुन्हा उकळली. ती आणखी रंगली. कुणी तरी म्हणालं, उद्या बिशपसाहेब आपल्याला वऱ्हाड समजतील. एक हसली आणि लगेच रडायला लागली. मग सगळ्याच रडायला लागल्या. मी एकटी रडत नव्हते, कारण मी फाटकाकडे पाहत होते.

फाटकातून बाई आल्या. उंच, सडसडीत, हातात काळी छत्री, अंगावर पांढरी साडी. नोकरीला लागल्यापासून त्यांनी दुसरा रंग अंगाला लावला नव्हता. त्यांचा आवाज कधी चढत नसे, चढवायची गरजच पडत नसे. त्यांनी छत्री मिटली, घंगाळात पाहिलं, मग दगडावरच्या ढिगाकडे पाहिलं.

"कोणी?"

नऊजणींपैकी एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही. ते मला जास्त लागलं.

"मी, बाई."

"नववा नियम काय आहे?"

"दृढीकरणाच्या साड्यांना बाईंशिवाय कोणीही हात लावू नये." एकवीसच्या एकवीस नियम मला पाठ होते. शिक्षा म्हणून ते शंभर-शंभर वेळा लिहिले होते, पाठ न होऊन सांगतात कुणाला.

"मग?"

तुम्ही खूश व्हाल म्हणून, असं मी म्हणाले. पण बाई माझ्याकडे तशाच पाहत राहिल्या आणि माझ्या तोंडून खरं निघालं. "चौथी फुली पडायच्या आत काय तरी चांगलं करून ठेवावं म्हनलं. म्हंजी तुम्हाला मला साडी द्यावीच लागंल."

"द्यावीच लागेल," बाई म्हणाल्या, आणि धुण्याच्या दगडावर बसल्या. तिथे त्यांना बसलेलं आम्ही कुणीही कधी पाहिलं नव्हतं.

"पेटीत बघून ये. टाचणी लावून नावांच्या चिठ्ठ्या ठेवल्यात. तुझी कितवी आहे बघ."

मी धावत गेले. पेटी रिकामी होती. तळाशी कागदावर दहा चिठ्ठ्या टाचलेल्या होत्या, आणि सगळ्यात वर बाईंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, तबीथा शांतवन पाटोळे.

मी धावतच परत आले. बाई म्हणाल्या, "गेल्या वर्षी मी फुल्या मोजल्या. मग तुझ्या वडिलांना फाटकातून परत जाताना पाहिलं. यंदा मोजायच्या नाहीत, हे मी तेव्हाच ठरवलं होतं."

म्हणजे जी साडी मिळवायला मी हा सगळा उपद्व्याप केला, ती माझ्या नावाने आधीच ठेवलेली होती. ती माझी होती, आणि मीच तिचं वाटोळं केलं होतं. तेव्हा मात्र मी रडले. इतकी रडले की मार्थाचं रडणं थांबलं.

बाई उठल्या. "रडून त्या पांढऱ्या होणार नाहीत. बंब पेटवा. चट्ट्यापट्ट्यांच्या साड्या नेसून माझ्या मुली देवळात जायच्या नाहीत. रंग लागलाय ना, मग सगळ्यांना सारखा लागू दे. तो खारवा परत टाका आत."

मग आम्ही दहाजणी आणि बाई, अशा अकराजणी त्या घंगाळाभोवती बसलो. कढत पाणी, सोडा, खारवा, आणि बाई लांब काठीने साड्या वरखाली करतायत. दुपार होईस्तोवर दहाही साड्या एकसारख्या, चांगल्या ठसठशीत गुलाबी झाल्या. त्यांना खळ घातली, दोऱ्यांवर वाळत टाकल्या. मी घंगाळ उपडं करायला गेले तर बाई म्हणाल्या, "ते पाणी ओतू नकोस. राहू दे." मी राहू दिलं. त्या दिवशी मी हूं की चूं करणार नव्हते.

चारच्या सुमाराला पाळकसाहेब आले. रेव्हरंड साळवे मनाने वाईट नव्हते, पण बिशपसाहेब येणार म्हटलं की त्यांचा रक्तदाब वाढे. दोरीवरच्या दहा गुलाबी साड्या पाहून ते अंगणातच थबकले. बाईंनी त्यांना ऑफिसात नेलं. मी स्वयंपाकघरात कांदे चिरत होते आणि मधली खिडकी उघडी होती, त्यामुळे मौनाचा नियम पाळत असतानाही मला सगळं ऐकू आलं.

पाळकसाहेबांचं म्हणणं असं, की पांढरा रंग म्हणजे धुतलेलं अंतःकरण, हे गेली साठ वर्षं चालत आलंय. लोक हसतील, बिशपसाहेब काय म्हणतील. बरं, साड्यांचं आता काही होत नाही. पण जिच्यामुळे हे झालं तिला तरी उद्या बसवू नका, म्हणजे मंडळीला काही तरी सांगता येईल.

"मग दहावी साडी मी काय करू?" बाईंनी विचारलं.

"अमोलिकबाई, हा शिस्तीचा प्रश्न आहे. आज्ञा मोडायची आणि वर साडी मिळवायची, मग आज्ञा पाळेल कोण?"

"तेच बघायचंय मला," बाई म्हणाल्या. "कुणी विचारलं तर सांगा, बोर्डिंगच्या साड्यांना रंग लागला. बोर्डिंग माझं आहे. तबीथाचं नाव घेऊ नका."

पाळकसाहेब गेले, ते काही कबूल न करताच गेले. माझ्या कांद्यांचं काय झालं ते मला आठवत नाही. एवढं मात्र कळलं की माझं दृढीकरण आता बाईंच्या शब्दावर टांगलेलं आहे, आणि तो शब्द त्यांना महाग पडणार आहे.

रविवारी सकाळी मी रोजचाच परकर-पोलका घालून माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसून राहिले. बाकीच्या नऊजणी मोठ्या खोलीत साड्या नेसत होत्या. माझं मनाशी ठरलं होतं, मागच्या बाकावर बसायचं आणि बापाला काय ते सांगायचं. थोड्या वेळाने बाई स्वतः दारात आल्या.

"नऊजणींच्या निऱ्या घालून माझे हात दुखायला लागले, आणि तू इथे बसलीस होय. चल, ऊठ."

त्यांनी माझ्या कमरेला साडी खोचली, निऱ्या घातल्या, खांद्यावर पदर पिनने टाचला. शेवटी माझ्या नावाची ती चिठ्ठी टाचणीसकट काढून माझ्या हातात दिली आणि आपलं आवरायला त्यांच्या खोलीत गेल्या. दार लावून घेतलं.

आम्ही दहाजणी व्हरांड्यात ओळ करून उभ्या राहिलो आणि बाहेर पाहिलं. मैदान माणसांनी भरलं होतं. आमच्याच गावची मंडळी, आसपासच्या वाड्यांची माणसं, मुलींचे आईबाप. सगळ्यांच्या पुढे माझा बाप पिवळा फेटा बांधून उभा, शेजारी आई, मागे वस्तीवरची चौदा माणसं, आणि बापाच्या काखेत यंदाचा कोंबडा. लोकांनी आम्हाला पाहिलं आणि आधी कुजबुज झाली, मग हसू फुटलं. पलीकडच्या वाडीतली एक जाडजूड बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दृढीकरण हाय का हळदी-कुंकू?"

मार्था दोन पावलं मागे सरली. "मी नाही जायची," ती म्हणाली. "तबीपायी सगळ्यांचं हसं झालंय." दुसरीने तिचा हात धरला, तीही मागे सरली. पाहता पाहता ओळ दाराच्या आत आली. देवळाची घंटा सुरू झाली होती.

मार्थाचं काहीही खोटं नव्हतं. मी ओळीतून बाहेर आले. आता बाहेर जाऊन सगळ्यांदेखत सांगायचं की हे मी केलंय, यांना हसू नका, आणि मग साडी सोडून ठेवायची. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मागे बाईंच्या खोलीची कडी वाजली.

बाई बाहेर आल्या, आणि त्यांच्या अंगावर गुलाबी साडी होती.

ती कोणती साडी होती हे बोर्डिंगातल्या प्रत्येक मुलीला माहीत होतं. बाईंच्या ट्रंकेत सगळ्यात खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, बारीक काठाची तलम मलमलीची एक पांढरी साडी होती. त्यांच्या आईने दिलेली. दरवर्षी नव्या मुलींना त्या ती दाखवत आणि सांगत, मी मेले की मला मातीत नेताना ही नेसवायची, लक्षात ठेवा. आम्ही पोरी त्यावरून मागे फार चेष्टा करायचो. ती साडी बाईंनी कधी नेसली नव्हती. आता ती त्यांच्या अंगावर होती, आमच्या सगळ्यांपेक्षा गडद, कारण ती अर्धी रात्र त्या पाण्यात पडून होती.

आम्ही दहाजणी नुसत्या बघत राहिलो. बाईंनी पदर सारखा केला. त्या थोड्या लाजल्या होत्या, हे मी शपथेवर सांगते. पन्नाशीच्या बाईला नव्या नवरीसारखं लाजताना मी तेव्हाच पाहिलं.

"एवढं तापवलेलं पाणी वाया कशाला घालवायचं," त्या म्हणाल्या. "चला. मी पुढे चालते."

आणि त्या पायऱ्या उतरल्या. मार्था सगळ्यात आधी त्यांच्या मागे गेली. मग आम्ही सगळ्या. मैदानातून चालताना कुणीही हसलं नाही. हळदी-कुंकू म्हणालेल्या बाईने डोक्यावरून पदर घेतला आणि वाट सोडली. माझा बाप आधी मला बघत होता, मग बाईंना, मग पुन्हा मला. त्याला काही कळलं नव्हतं, पण त्याने डोक्यावरचा फेटा नीट केला आणि वस्तीच्या चौदा माणसांना म्हणाला, "आमची हाय ती. ओळीतली चौथी."

देवळात पाळकसाहेबांनी बाईंना पाहिलं आणि हातातलं स्तोत्रांचं पुस्तक उलटं धरलं. पुढचा अर्धा तास ते त्यांनी तसंच धरलं होतं. बिशपसाहेब म्हातारे होते, जाड चष्म्याचे. त्यांची एक पद्धत होती, डोक्यावर हात ठेवण्याआधी प्रश्नोत्तरीतला एखादा प्रश्न एकीदोघींना विचारायचा. त्यांनी ओळीवर नजर फिरवली, सगळ्यात मागे उभ्या असलेल्या बाईंवर ती जरा थांबली, आणि ते माझ्यापाशी आले.

"बाळ, तुझं नाव काय?"

"तबीथा."

"तबीथा, कृपा म्हणजे काय?"

हा प्रश्न मला झोपेत विचारला असता तरी आला असता. माणसाची पात्रता नसताना देव त्याला जे फुकट देतो, ती कृपा. वर्षभर घोकलेलं उत्तर. मी सुरुवात केली, "माणसाची पात्रता नसताना..." आणि पुढे येईना. विसरले नव्हते. पण मागे बाई उभ्या होत्या, त्या साडीत. पाळकसाहेब मान खाली घालून पुटपुटत मला उत्तर सांगायला लागले, बिचारे.

बिशपसाहेबांनी त्यांना हाताने थांबवलं. "तुझ्या शब्दांत सांग," ते म्हणाले.

"साड्या मी बिघडवल्या, साहेब," मी म्हणाले. माझा आवाज देवळाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. "बाईंनी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं, तरी लावला. आणि बाईंनी त्यांची मातीत न्यायची साडी रंगात घातली. आमच्यासंगं चालायला."

बिशपसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई खाली फरशीकडे बघत होत्या.

"बरं," ते हळूच म्हणाले. "मग आता तू काय करणार?"

याचं उत्तर प्रश्नोत्तरीत नव्हतं. मी खरं तेच सांगितलं. "उद्यापासून पाचच्या घंटेला उठणार."

लोक हसले. पण हे हसणं मैदानातल्यासारखं नव्हतं. बिशपसाहेबही हसले. "फुलीच्या भीतीने?" त्यांनी विचारलं. म्हणजे आमच्या फुल्यांची कीर्ती तिथपर्यंत पोचली होती.

"भीतीनं नाही, साहेब. बाई आहेत म्हणून."

त्यांनी माझ्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. ते हात जड होते आणि उबदार होते. मग मी ती भाकर खाल्ली, त्या प्याल्याला ओठ लावले. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. जेवणाला कोंबडा होता. बापाने पंगतीत बसून चौदाजणांना समजावून सांगितलं की आमच्या तबीमुळे या पोरींना यंदा रंगीत साड्या मिळाल्या, नाही तर पांढऱ्यावरच भागवलं असतं. पाळकसाहेबांनी हे ऐकलं आणि त्यांना पुन्हा शिंक आली. मी हसले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्याही हसल्या.

सोमवारी मी घंटेच्या आधी उठले. अंगण झाडलं, बंब पेटवला, पाणी भरलं. बाई दात घासत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही, मी म्हटलं. त्यांनी कमरेची पेटीची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. काल धुतलेल्या साड्या वाळल्यात, घडी घालून ठेव म्हणाल्या. शाळा सोडेपर्यंत ती किल्ली माझ्याचकडे होती, आणि मी एकही नियम मोडला नाही. खोटं कशाला बोलू, पेरूच्या झाडावर दोनदा चढले. पण दोन्ही वेळा बाईंना विचारून.

बाई एकोणनव्वद वर्षांच्या होऊन गेल्या. आम्ही सातजणी जमलो आणि त्यांना तीच साडी नेसवली. तिचा रंग बराच विटला होता, तरी गुलाबीच म्हणावा असा होता.

गेल्या वर्षी बोर्डिंगने जुन्या मुलींना दृढीकरणाला बोलावलं. मी सवयीने पांढरी साडी नेसून गेले. व्हरांड्यात पोचते तर समोर मुली ओळीत उभ्या, सगळ्यांच्या अंगावर गुलाबी साड्या. मला वाटलं डोळ्यांवर ऊन आलंय. जवळ गेले तर भिंतीवर तोच काळा फळा, नवा रंग दिलेला, आणि एकवीस नियमांखाली एक बाविसावा. दृढीकरणाच्या दिवशी प्रत्येक मुलीने गुलाबी साडीच नेसावी. मी तिथेच खांबाला धरून हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

मग पेरूच्या झाडाखाली एक मुलगी एकटीच उभी दिसली. सेरा तिचं नाव. तिच्या अंगावर पांढरी साडी होती. आता साड्या ज्याच्या त्याच्या घरून आणायच्या असतात. तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, गुलाबी साडी आणायला कोणी नव्हतं, म्हणून आईने स्वतःच्या लग्नातली पाठवली होती. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. तरुण मेट्रन तिच्यापाशी उभी राहून अगदी प्रेमाने समजावत होती, की बाळ, पुढच्या वर्षी बसू.

मी विचारलं तेव्हा मेट्रन म्हणाली, "आजी, मलाही वाईट वाटतं. पण पन्नास वर्षांची पद्धत आहे इथली, मोडता येत नाही. आणि सगळ्यांत ही एकटीच पांढरी दिसेल."

"एकटी कशाने? दोघी दिसू," मी म्हटलं.

तिने माझ्या साडीकडे पाहिलं. तिला काही कळलं नाही, आणि घंटा सुरू झाली होती, सांगत बसायला वेळ नव्हता. जेवताना सांगू म्हटलं. मी सेराचा पदर सारखा केला, तिचं नाक पुसलं आणि तिचा हात धरला.

"चल," मी तिला म्हटलं. "मी पुढे चालते."